स्टेपनी नसलेली गाडी आणि आप्पांचे घाट

आप्पांनी गाडीभोवती एक पूर्ण फेरी मारली. चारही टायर चपलेच्या टोकानं ठोकून बघितले, वाकून पोटाखाली नजर टाकली आणि डिकी उघडायला लावली. डिकीतली चटई उचलून खाली हात घातला, चाचपलं, आणि माझ्याकडं वळून विचारलं, "स्टेपनी कुठंय?"

"ह्या गाडीला स्टेपनी नसते आप्पा. टायर रन-फ्लॅट आहेत. पंक्चर झालं तरी टायरच्या जाड भिंतीवर गाडी उभी राहते. ऐंशीच्या आत चालवली तर ऐंशी किलोमीटर जाते."

"आणि एक्क्याऐंशीव्या किलोमीटरला?"

ह्याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. गाडी बनवणाऱ्या जर्मन इंजिनिअरांकडंही नसावं.

गाडी म्हणजे सेकंडहँड बीएमडब्ल्यू झेड-फोर. दोन दारं, दोनच सीटा, एका रांगेत सहा सिलिंडर असलेलं तीन लिटरचं इंजिन, ३०६ अश्वशक्ती, आणि सगळी ताकद मागच्या चाकांना. छप्पर वीसेक सेकंदांत घडी होऊन डिकीत जाऊन बसतं, मग डिकीत एक पिशवी कशीबशी मावते. ही गाडी मी कशी आणि केवढ्याला घेतली हे आईला अजून नीट सांगितलेलं नाही, म्हणून इथंही नको. पुण्याहून दिवाळीला घरी आलो तो हीच घेऊन. गल्लीतल्या मित्रानं बघितल्या बघितल्या विचारलं, "काय करलालास बे हिचं सोलापुरात? इथं वळण म्हणजे एकच, सात रस्ता."

त्याचं चूक नव्हतं. पार्क चौकातून कुठल्याही दिशेला निघा, रस्ता पट्टीनं आखल्यासारखा सरळ जातो. पण आमच्या घरात एक माणूस असा होता, ज्यानं एकतीस वर्षं एस.टी.चं स्टिअरिंग धरलं आणि पंचवीस वर्षं विनाअपघात चालवल्याचा बिल्ला अजून कपाटात जपून ठेवलाय. आप्पांनी लाइटबिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पाच दिवसांचा कार्यक्रम लिहून काढला. आधी लहान घाट, मग मोठा. "इंजिन तापल्याशिवाय लांब पल्ला नाय," असं कारण. इंजिनाचं की ड्रायव्हरचं, ते सांगितलं नाही.

पहिला दिवस : तुळजापूर, नळदुर्ग

पहाटे साडेपाचला जुना तुळजापूर नाका ओलांडला. छप्पर उघडं. नोव्हेंबरातली थंडी, आप्पांच्या डोक्याला मफलर आणि बुडाखाली चौघडी केलेली सोलापुरी चादर. चादर थंडीसाठी असेल असं वाटलं होतं. खरं कारण उंचीचं होतं. एस.टी.चा ड्रायव्हर रस्त्याच्या वर बसतो, ह्या गाडीत माणूस रस्त्यातच बसतो. "म्होरला ट्रक दिसंना, त्याचं जॉइंटच दिसायलंय," हे त्यांचं पहिल्या दहा किलोमीटरातलं मत.

तुळजापूर सोलापूरपासून पंचेचाळीस किलोमीटर. तामलवाडीचा टोलनाका गेला की समोर बालाघाटची निळसर कड दिसू लागते. सह्याद्रीतून फुटून आग्नेयेला गेलेली ही रांग गोदावरी आणि भीमेच्या खोऱ्यांमधला बांध आहे, आणि सोलापूरकरांना जी काही वळणं मिळतात ती ह्या बांधाच्या कृपेनं. रस्ता हौसेनं वळत नाही. डोंगरातला रस्ता साधारण वीस मीटर पुढं गेल्यावर एक मीटर चढेल असा आखतात, म्हणजे शंभर मीटर उंची गाठायची तर दोन किलोमीटर लांबी कुठून तरी आणावी लागते. सरळ जागा नसते म्हणून ती लांबी डोंगराच्या अंगावर घड्या घालून बसवायची. बालाघाटची पायरी इथं जेमतेम दीडशे-पावणेदोनशे मीटरची, त्यामुळे घड्याही मोजक्या.

त्यात रस्ता आता चौपदरी. मी गिअर खाली टाकला, इंजिनानं घसा खाकरला, दोन-तीन पसरट वळणं आली आणि तुळजापूरची घरं दिसायला लागली.

"संपला?" आप्पांनी विचारलं. जिथं त्यांची पहिली घाटाची परीक्षा झाली तो हा घाट. तेव्हा रस्ता दुपदरी, वळणं आवळलेली, आणि शेजारी बसलेला परीक्षक अधूनमधून मुद्दाम गप्पा मारायचा, लक्ष ढळतंय का बघायला. कोजागरीला सोलापुरातनं हजारो माणसं रात्रभर चालत इथं येतात. त्यांना परत न्यायला जादा गाड्या सोडायचे. पायाला फोड आलेली माणसं, गाडीत बसल्याबरोबर झोपलेली. "सगळी गाडी झोपलेली आन् आपुन एकटं जागं. तवा घाट लई हळू उतरायचा. कुणाची मान हलली नाय पायजे."

मानेचं हे माप मी त्या क्षणी नुसतं ऐकलं. पुढं चार दिवस मला त्याच मापानं मोजलं जाणार होतं.

देवीचं दर्शन घेतलं. इथं देऊळ चढून नाही, पायऱ्या उतरून गाठायचं असतं. मग नळदुर्गचा रस्ता धरला. तीसेक किलोमीटरचा हा तुकडा माझ्या मनात नव्हताच, आप्पांनी परस्पर घुसडला होता. पठाराच्या पाठीवरून जाणारा, सावकाश खालीवर होणारा रस्ता, दोन्हीकडं सोयाबीन काढून रिकामी झालेली रानं आणि मधेच लिंबाच्या झाडाशी वाकणारं लांबच लांब वळण. ह्यात थरार नाही, पण लय आहे. ब्रेकला पाय न लावता नुसत्या ॲक्सिलरेटरवर साठ-सत्तरनं गाडी एका वळणातून दुसऱ्यात ओतत न्यायची. मी खूश होतो. आप्पा डोळे मिटून होते, मान स्थिर.

नळदुर्गात तासभर किल्ला बघितला. बोरी नदीला किल्ल्यातच बंधारा घालून बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल बांधलाय, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातला. पावसाळ्यात बंधाऱ्यावरून पाण्याचे दोन लोट कोसळतात, त्यांना नर-मादी धबधबा म्हणतात, आणि महालातल्या खिडकीत उभं राहिलं तर पाण्याच्या आड कोरडं राहता येतं. आम्ही गेलो तेव्हा धार आटत आली होती. आप्पा इथं आयुष्यात शंभरदा तरी आले असतील, पण स्टँडच्या पलीकडं गेले नव्हते. "गाडी सोडून कुठं जाणार?"

परतीला हैदराबाद हायवे. रुंद, सपाट, सरळ. ह्या गाडीला असा रस्ता म्हणजे पैलवानाला पत्ते खेळायला बसवणं. त्यातही सर्व्हिस रोडनं चहाला उतरलो आणि तिथं, पट्टे पुसलेल्या एका गतिरोधकावर, गाडीच्या पोटाचा असा आवाज आला की हॉटेलवाला भांडी सोडून बाहेर आला. काही फुटलं नव्हतं. खालच्या प्लास्टिकच्या पत्र्याला ओरखडा.

"तिरकी घ्यायची," आप्पा म्हणाले. "एका वक्ताला एकच चाक चढवायचं. बैलगाडी कशी बांध वलांडती?"

त्या सल्ल्यानं पुढचे चार दिवस पोट वाचलं. मागून येणाऱ्या मोटरसायकलवाल्यांनी मात्र मला दारुडा समजून शिव्या घातल्या.

दुसरा दिवस : बार्शी आणि रामलिंगचा घाट

बार्शी रोडला नान्नजच्या आसपास उजाडलं. हा माळढोक पक्ष्याच्या अभयारण्याचा टापू, १९७९ सालचा. कागदावर एके काळी साडेआठ हजार चौरस किलोमीटरचा होता, नंतर छाटून बाराशेवर आणला. माळढोक दिसण्याची आशा नव्हतीच, पण काळवीट दिसले. दिसले म्हणजे, सात-आठ जणांचा कळप रस्त्याच्या डाव्या कडेला उभा होता आणि आप्पांनी माझ्या गुडघ्यावर थाप मारली. "थांब. एक गेलं की समदी जात्यात." खरोखर, एक उडी मारून पलीकडं गेलं आणि उरलेले एकामागोमाग आमच्या बॉनेटसमोरून. बॉनेटपेक्षा त्यांची पोटं उंच होती.

ह्या पट्ट्यात सरळ रस्त्यावरही गाडी लाटांवर होडी चालावी तशी झुलते. कारण खालची काळी माती. पावसाळ्यात पाणी पिऊन ती फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि वरचं डांबर दर वर्षी हा श्वासोच्छ्वास सोसत राहतं. एस.टी.च्या लांब पाटांच्या स्प्रिंगा हे गिळतात. आमच्या कडक सस्पेन्शननं एकेक लाट मणक्याला मोजून दिली. वैरागला थांबून आप्पांनी चादरीची चौघडी काढून आठपदरी केली.

बार्शीत नाश्ता केला आणि येडशीच्या दिशेनं निघालो. पांगरी मागं पडली की बालाघाटची कड पुन्हा जवळ येते, पण इथं तिच्या अंगावर जंगल आहे. येडशी-रामलिंग घाट अभयारण्य. मोठं नाही, जेमतेम बावीस चौरस किलोमीटर, पण सोलापूर-धाराशिवच्या उघड्या माळांनंतर ही सावली डोळ्यांना गार वाटते. ह्याच घाटातून पूर्वी बार्शी लाइट रेल्वेही लातूरकडं जायची. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं १८९७ साली कुर्डुवाडी-बार्शी मार्गावर आणलेली अडीच फुटी नॅरो गेज, पुढं लांबत गेली. आता तिथं ब्रॉड गेज आहे. आप्पा लहानपणी त्या छोट्या गाडीतून गेलेत. चढाला ती इतकी मंदावायची की पोरं उतरून बोरं तोडून पुन्हा चढायची, असं ते सांगतात. प्रत्येक छोट्या रेल्वेबद्दल त्या त्या गावात हीच गोष्ट सांगतात, पण मी काही बोललो नाही.

आणि इथं, अखेर, वळणं. एकाला एक लागून, डावं संपायच्या आत उजवं, डांबर चांगलं, वाहतूक तुरळक. मी जोशात आलो. तिसऱ्या वळणात थोडा वेगात शिरलो आणि आत गेल्यावर कळलं की वळण पुढं जास्तच आवळतंय. ब्रेक, स्टिअरिंग, दोन्ही घाईत. गाडी धडधाकट म्हणून काही झालं नाही. पण आप्पांची मान हलली.

"बाजूला घे."

रामलिंगच्या फाट्याजवळ गाडी लावली. आप्पा उतरले, म्हणजे उतरायला त्यांना हात द्यावा लागला, ह्या गाडीतून उतरणं हे विहिरीतून वर येण्यासारखं असतं. मग रस्त्याच्या कडेला उभं राहून त्यांनी मला जे दाखवलं ते मी पुण्यात पैसे भरून केलेल्या ट्रॅकवरच्या प्रशिक्षणात शिकलो होतो, आणि विसरलोही होतो.

"वळणाच्या दोन्ही कडा म्होरं जिथं मिळाल्यागत दिसत्यात ती जागा बघ. तू चालत जा. ती जागा तुझ्यासंगं म्होरं पळाली तर वळण उघडायलंय, पाय ठेव. जागच्या जागी थांबून तुझ्याकडंच याया लागली तर ते आवळायलंय, पाय काढ. खांब बघू नको, झाडं बघू नको. खांब कदीमदी शेतातनं सरळ जात्यात, फशिवत्यात."

मी चालून बघितलं. मघाच्या वळणावर तो बिंदू थांबला होता, आरामात, सगळ्यांना दिसेल असा. फक्त मी समोरच्या टायरापुढचं डांबर बघत होतो.

मग तेच सहा-सात किलोमीटर आम्ही पुन्हा केले. खाली, वर, पुन्हा खाली. रस्ता तोच, वेग कमी, आणि गंमत दुप्पट. वळणाच्या आधीच सरळ रेषेत ब्रेक पुरता करायचा, गिअर आधीच टाकून ठेवायचा, आत शिरताना गाडीचं वजन एकदाच एका बाजूला जाऊ द्यायचं आणि कडा सरकायला लागल्या की हळूच पाय द्यायचा. पन्नास-पंचावन्नच्या वर एकदाही गेलो नसेन. चौथ्या फेरीला फाट्यावरचा चहावाला रस्त्यात येऊन उभा राहिला.

"साहेब, काय पडलंय का रस्त्यात? कवाधरनं हिकडनं तिकडं करताय."

"वळणं बघतोय," मी म्हणालो.

त्यानं आप्पांकडं बघितलं. आप्पांनी डोक्याजवळ बोट फिरवून माझ्याकडं खूण केली, आणि दोन चहा सांगितले.

रामलिंगचं देऊळ खाली ओढ्याकाठी, झाडीत. जटायू रावणाशी लढून इथंच पडला, असं इथले लोक मानतात. माकडं उघडं छप्पर बघून दुरूनच हिशेब करत होती, म्हणून छप्पर लावूनच गेलो.

तिसरा दिवस : मंगळवेढा, सांगोला, कोल्हापूर, गगनबावडा

ह्या दिवसाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. सोलापूर ते कोल्हापूर सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर, आणि त्यात वळण म्हणावं असं मला एकही आठवत नाही. भीमा ओलांडताना आप्पांनी माचणूरच्या दिशेनं हात जोडले. त्या बाजूला ब्रह्मपुरीला औरंगजेबाची छावणी १६९५ ते १६९९ अशी चार वर्षं पडून होती. बादशहालाही इथून पुढं सरकायला कंटाळा आला असेल तर मी समजू शकतो. मंगळवेढ्याची काळीभोर रानं, त्यात नुकती उगवलेली मालदांडी ज्वारी, मग सांगोल्याची डाळिंबं, मग मिरज.

लिहायचं ते उसाच्या ट्रॉल्यांबद्दल. कारखाने सुरू झालेले. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर आलेला, मागं दिवा नाही, आणि टेपवर गाणं इतकं मोठं की हॉर्न ऐकू जायचा प्रश्नच नाही. त्यांचा चढ आला की ट्रॅक्टरची पुढची चाकं हवेत उचलायला लागतात. मी दोनदा प्रत्यक्ष बघितलं. खाली बसलेल्या आमच्या गाडीला तर समोर फक्त उसाची भिंत. ३०६ घोडे आणि पुढं वीसच्या वेगानं हलणारं शेत. आप्पा दर वेळी चादरीवरून उठून मान उंच करायचे आणि "हं, आता" किंवा "थांब, टेंपो हाय" सांगायचे. ओव्हरटेक मी केले, ठरवले त्यांनी.

हाच रस्ता पुढं आंबा घाटानं रत्नागिरीला उतरतो. आप्पा ह्या मार्गावर सहा वर्षं होते. एका पावसाळी रात्री घाटात वायपर बंद पडला, तेव्हा कंडक्टर दारात लटकून हातानं काच पुसत खालपर्यंत आला, साखरप्यात उतरल्यावर दोघांनी मिळून एकच चहा घेतला कारण सुट्टे पैसे तेवढेच कोरडे होते. ही गोष्ट मी शंभरदा ऐकलीय. ह्या वेळी त्यात एक नवी भर पडली : कंडक्टरला थंडीनं ताप भरला आणि आप्पांनी त्याला आपली चादर दिली. बुडाखालची ती चादर मी जरा आदरानं बघितली. "ही नव्हं रे," ते म्हणाले. "ती त्यानं परत कुठं दिली!"

कोल्हापुरात तांबडा-पांढरा. आप्पांनी तांबडा बाजूला सारून पांढराच तीनदा घेतला. मग पन्नास-पंचावन्न किलोमीटर पश्चिमेला गगनबावडा. शेवटच्या टप्प्यात रस्ता झाडीत शिरतो, हवा बदलते, आणि सोलापूरच्या माणसाला ती ओल नाकात वेगळीच वाटते. मुक्काम गगनगडाखाली एका साध्या लॉजवर. मालकानं गाडी बघून विचारलं, "खाली उतरवणार आहात? करूळातनं जावा. भुईबावड्यातनं ह्ये नेऊ नका."

चौथा दिवस : करूळ आणि भुईबावडा

गगनबावड्याची गंमत अशी की गावाबाहेर रस्ता दुभंगतो आणि दोन्ही फाटे सह्याद्रीच्या कड्यावरून कोकणात उतरतात. एक करूळ घाट, दुसरा भुईबावडा. खाली वैभववाडीशी दोघांची पुन्हा गाठ पडते. म्हणजे एका घाटानं उतरून दुसऱ्यानं चढायचं, पूर्ण वर्तुळ. कागदावर ह्यापेक्षा चांगला ड्रायव्हिंगचा रस्ता अख्ख्या महाराष्ट्रात मला दिसला नव्हता.

आधी करूळ. रुंदीकरण झाल्यापासून तो काँक्रीटचा आहे. काँक्रीटला टायर चांगला चिकटतो, पण दर काही मीटरवर सांधा, ठक्-ठक्-ठक्, घड्याळ बसवल्यासारखं. उजवीकडं कडा, डावीकडं दरी, दरीत धुक्याची गादी. आप्पांनी निघतानाच नियम सांगितला : ज्या गिअरात चढशील त्याच गिअरात उतरायचं. ब्रेक फक्त थांबायला. ते इंजिनानं रोखायचं म्हणत होते, आणि आमच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला ते मान्य नव्हतं. ती आपली वरचा गिअर टाकून गाडी सैल सोडायची. शेवटी मी स्टिअरिंगमागच्या पात्यांनी हातानं दुसरा गिअर पकडला तेव्हा इंजिनाचा आवाज वाढला आणि आप्पांचा चेहरा निवळला. "आता कशी बोलायली."

त्यांच्या काळात डिझेल वाचवायला काही ड्रायव्हर उतारावर न्यूट्रल करायचे. आप्पांनी हे सांगताना अशा लोकांचा उल्लेख केला की जणू ते चोऱ्या करायचे. ब्रेक तापले की धरत नाहीत, आणि गाडी न्यूट्रलला असली की मग इंजिनही मदतीला येत नाही. साधी गोष्ट, पण खाली पहिल्या सपाटीवर एक मिनीबस बाजूला उभी होती, चाकांतून जळका वास येत होता आणि ड्रायव्हर चाकावर बाटलीनं पाणी ओतत होता. आप्पा छप्पर नसलेल्या गाडीतूनच ओरडले, "पाणी नगं मारू! ड्रम तडकतंय! तसंच निवू दे!"

परत करूळानंच वर आलो, कारण लॉजमालकाचं म्हणणं आप्पांनी मनावर घेतलं होतं. भुईबावडा अरुंद, कडेनं ओघळलेला, पावसाळ्यात दरडी येणारा. "स्टेपनी नाय," त्यांनी आठवण करून दिली. मी हिरमुसलो. पावणेतीनशे-तीनशे किलोमीटर आलो ते ह्या वर्तुळासाठी.

"कोण म्हणतंय जायचं नाय?" आप्पा म्हणाले. "गाडी हितं ऱ्हाऊ दे."

अकराच्या सुमाराला भुईबावड्यानं खाली जाणारी एस.टी. आली. लाल, जुनी, खिडकीची एक काच अर्ध्यातच अडकलेली. आप्पा पुढच्या दारापाशी, ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर कडेला बसले. आपण खात्यातले हे त्यांनी सांगितलं नाही. पण बस निघाल्यावर दोन वळणांत ड्रायव्हरनं आरशातून त्यांच्याकडं बघितलं, कारण वळणाआधी ह्यांचा उजवा पाय बाकाखाली दाबला जात होता. कंडक्टरनं वय विचारलं. शहात्तर. पंच्याहत्तरच्या वरच्यांना फुकट, म्हणून त्यानं शून्याचं तिकीट दिलं. माझं पूर्ण.

आणि मग मला तो घाट दिसला. दिसला हाच शब्द, कारण करूळात दोन फेऱ्या मारूनही मी खरं तर कठडाच बघितला होता. झेड-फोरच्या सीटवरून दरीच्या जागी पांढऱ्या रंगाचे दगड दिसतात. एस.टी.च्या खिडकीतून पाय ठेवायला जागा नसलेली दरी, तळाशी कौलं, भाताची कापलेली पिवळी खाचरं, आणि आपण उतरणार तो रस्ता तीन मजले खाली, झाडांतून तुकड्यातुकड्यानं. ड्रायव्हर पोरसवदा होता. हेअरपिनवर तो आधी बाहेरच्या कडेला जायचा, इतका की माझ्या खिडकीखाली रस्ताच उरायचा नाही, मग हातावर हात टाकत अख्खं स्टिअरिंग फिरवून शेपूट आत ओढून घ्यायचा. समोरून चढणारा डंपर आला तेव्हा हा आधीच रुंद जागा बघून थांबलेला होता. चढणाऱ्याला आधी वाट. मला तो डंपर दिसलाच नव्हता. ह्याला तीन वळणं वरूनच दिसला होता, म्हणून तो मघापासून रेंगाळत होता.

आप्पांची मान तासाभरात एकदाही हलली नाही.

खाली उतरल्यावर त्यांनी ड्रायव्हरला विचारलं, "किती वर्षं झाली?" तो म्हणाला, "चौथं." आप्पा म्हणाले, "बरं हाय." त्याच्या आवाजात आणि चालीत काय फरक पडला ते सांगता येणार नाही, पण पडला. एकतीस वर्षांची नोकरी त्याला कुणी न सांगता कळली असावी.

दुपारच्या गाडीनं परत वर आलो. गाडी लॉजसमोर तशीच, तिच्या बॉनेटवर दोन कोंबड्या.

पाचवा दिवस : फोंडा, दाजीपूर, राधानगरी आणि घर

पुन्हा करूळ उतरून, वैभववाडीहून फोंड्याला, आणि फोंडा घाटानं वर. हा अर्धा तास मात्र गाडीचा होता, हे कबूल करायला हवं. घाट संपतो आणि रस्ता दाजीपूरच्या जंगलात शिरतो, गव्यांच्या अभयारण्यातून, दोन्हीकडून झाडं वर एकमेकांना भेटलेली. मग राधानगरी धरणाचं पाणी झाडांतून चमकायला लागतं आणि रस्ता त्याच्या कडेनं वाकत जातो. डांबर कुठं नवं, कुठं ठिगळं, पण कडा सरकताना स्पष्ट दिसतात, आणि सकाळी साडेआठला रस्त्यावर आम्ही दोघंच. दुसरा गिअर, तिसरा, पुन्हा दुसरा. थंड हवेत त्या सहा सिलिंडरांचा आवाज झाडांवर आपटून परत यायचा. एका वळणातून बाहेर पडताना मी चोरून शेजारी बघितलं. आप्पांनी मफलर सोडला होता आणि त्यांचा उजवा पाय फळीवर सैल पडला होता.

"गवा आला तर?" एवढंच म्हणाले. मी वेग कमी केला.

राधानगरीचं धरण शाहू महाराजांनी हाती घेतलेलं, १९०८ च्या सुमाराचं. पाणी ठरावीक पातळीला आलं की त्याचे सात दरवाजे आपोआप उघडतात. आप्पांना हे फार आवडलं. कुणी बटण दाबत नाही, पाणीच आपलं वजन टाकून दार उघडतं. ते धरणाकडं बराच वेळ बघत उभे होते. मी वेळेची आठवण केली, कारण पुढं कोल्हापूर, मिरज, सांगोला आणि उसाच्या ट्रॉल्या होत्या.

त्या ट्रॉल्यांमुळं सोलापुरात शिरायला रात्रीचे साडेआठ झाले. जेवताना आईनं विचारलं, सगळ्यात चांगला रस्ता कोणता. मी म्हणालो, दाजीपूर ते राधानगरी. आप्पा म्हणाले, भुईबावडा. मग दोघांनी मिळून रामलिंगला दुसरा नंबर दिला, तोही माझ्या मते वळणांसाठी आणि त्यांच्या मते चहासाठी. आईला ह्यातलं काही पटलं नाही. तिच्या मते चांगला रस्ता म्हणजे अक्कलकोटचा, उलटी होत नाही.

सकाळी पुण्याला निघालो तेव्हा डॅशबोर्डवर लाइटबिल ठेवलेलं दिसलं. कोऱ्या बाजूवर कार्यक्रमाच्या खाली आप्पांनी रात्री लॉगशीट भरून ठेवलं होतं, रकाने पट्टीनं आखून. सुटण्याची वेळ, पोचण्याची वेळ, किलोमीटर, इंधन. अपघात : नाही. मार्गातील बिघाड : नाही. आणि शेवटच्या रकान्यात, शेरा : स्टेपनी नाही.